पोकर स्पर्धा : शंभरातून पंच्याऐंशी वेळा हात हलवत परत

शेवटचा_पत्ता :

मागे एका चर्चेत मी सहज लिहून गेलो होतो की पोकरच्या स्पर्धा खेळणं हाच माझा व्यवसाय आहे. त्यावर बऱ्याच जणांनी 'सविस्तर लिहा' म्हटलं. आठ वर्षं झाली मला यात. पहिली दोन नोकरी सांभाळून, पुढची सहा फक्त हेच. रोख पैशांच्या टेबलांवर मी फारसा बसत नाही, म्हणून इथे जे लिहितोय ते फक्त स्पर्धांबद्दल.

खेळ माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. टेक्सास होल्डेममध्ये प्रत्येकाला दोन पत्ते उपडे मिळतात. टेबलाच्या मध्यभागी पाच पत्ते उघडले जातात, आधी तीन, मग एक, मग शेवटचा एक. एकूण सातांतून ज्याचे पाच पत्ते सर्वांत भारी, तो डाव जिंकतो. किंवा पैज वाढवून बाकीच्यांना पत्ते टाकायला, म्हणजे डाव सोडायला, लावतो. स्पर्धेत सगळे सारखी फी भरतात आणि सारख्या चिप्स घेऊन बसतात. चिप्स संपल्या की खुर्ची सोडायची. ब्लाइंड, म्हणजे पत्ते बघण्याआधीच दोघांना सक्तीने लावावी लागणारी रक्कम (एकाची लहान, ती स्मॉल ब्लाइंड; दुसऱ्याची मोठी, ती बिग ब्लाइंड), ठरावीक वेळाने वाढत जाते. त्यामुळे चांगल्या पत्त्यांची वाट बघत नुसतं बसून राहिलात तर चिप्स आपोआप झिजतात.

बक्षीस साधारण वरच्या पंधरा टक्के खेळाडूंना मिळतं. त्यातही खालच्यांना फीच्या दीडपट-दुप्पट, आणि खरा पैसा पहिल्या तीन-चार जणांना. म्हणजे तुम्ही कितीही चांगले खेळाडू असा, शंभरातल्या ऐंशी-पंच्याऐंशी स्पर्धांतून काहीही न मिळवता उठायचं असतं. पहिल्या वर्षी हे मला तोंडपाठ होतं, पण अंगवळणी पडायला तीन वर्षं गेली. दुसरा कुठला व्यवसाय असा असेल मला माहीत नाही, जिथे काम नीट करूनही जवळजवळ रोज घरी हरून जायचं.

लोकांना वाटतं आमचा दिवस थरारक असतो. बहुतेक वेळ पत्ते टाकण्यात जातो. नऊ जणांच्या टेबलावर मी दहापैकी साताठ डाव खेळतच नाही. पण खेळत नसताना बघायचं असतं, आणि आमचं खरं काम तेच. चेहऱ्यावरून मन ओळखता येतं असं म्हणतात, त्यावर माझा फार विश्वास नाही. चेहरा सगळ्यांनाच दगडासारखा ठेवता येतो. मी वेळ बघतो. एखादा माणूस रोज तीन सेकंदांत निर्णय घेतो आणि आज पंधरा सेकंद घेतले, तर त्या बारा सेकंदांत काहीतरी आहे. चिप्स ठेवताना हात कसा येतो, पत्ते आल्यावर नजर आपल्या चिप्सकडे जाते की दुसऱ्याच्या, हे बघतो. दहा तासांच्या दिवसात असं काही हाती लागलं तर एखाद-दोनदाच लागतं, आणि त्यासाठी दहाही तास जागं राहावं लागतं.

एक चूक सांगतो, कारण नवीन खेळाडूंना तिचा उपयोग होईल. तिसऱ्या वर्षी, ब्लाइंड हजार-दोन हजार. माझ्याकडे राजांची जोडी. मला पैज पाच हजारांवर न्यायची होती, म्हणून पाच हजारांची एकच चिप पुढे टाकली. तोंडाने काही बोललो नाही. नियम असा आहे की न बोलता एकच मोठी चिप टाकली तर तो 'कॉल' धरला जातो, म्हणजे फक्त दोन हजारांची बरोबरी, बाकीचे सुटे परत. डीलरने तसंच केलं आणि बरोबर केलं. बिग ब्लाइंडवरचा माणूस, जो पाच हजारांना नक्की पत्ते टाकून मोकळा झाला असता, तो फुकटात नव्वी-चौव्वी घेऊन आत राहिला. पहिले तीन पत्ते उघडले : नव्वी, चौव्वी, दुर्री. त्याच्या झाल्या दोन जोड्या, माझी एकच. तासाभरात मी स्पर्धेबाहेर होतो. एक शब्द बोललो असतो तर तो डाव तिथेच संपला असता. तेव्हापासून मी प्रत्येक पैज आधी तोंडाने सांगतो, मगच हात हलवतो.

पण मला खरं लिहायचंय ते दुसऱ्या एका डावाबद्दल.

दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या स्पर्धेच्या अंतिम टेबलावर आम्ही पाच जण उरलो होतो. माझ्याकडे २८ बिग ब्लाइंड भरतील एवढ्या चिप्स, मी दुसऱ्या क्रमांकावर. पहिल्याकडे माझ्या दुपटीहून जास्त. उरलेल्या तिघांपैकी दोघांकडे सहा-सात ब्लाइंड, म्हणजे ते केव्हाही बाद होणार. आणि प्रत्येक जण बाद झाला की उरलेल्यांचं किमान बक्षीस वाढणार.

बाकी तिघांनी पत्ते टाकले. स्मॉल ब्लाइंडवर तो पहिल्या क्रमांकाचा खेळाडू, बिग ब्लाइंडवर मी. तो म्हणाला, "ऑल-इन", म्हणजे सगळ्या चिप्स पुढे. मी पत्ते उचलून बघितले : अठ्ठीची जोडी, इस्पिक आणि बदाम.

नुसत्या चिप्सचा हिशेब केला तर जिंकण्याची शक्यता ४७-४८ टक्के असली तरी हा कॉल परवडतो. पण बक्षिसाचा हिशेब वेगळा. दोघे कडेलोटावर उभे असताना मी त्यांच्याआधी बाद झालो, तर पाचव्याचं बक्षीस घेऊन उठणार. तो धोका धरला तर मला साठ टक्क्यांच्या पुढे खात्री हवी. तो डोळे मिटून कुठल्याही दोन पत्त्यांवर सगळ्या चिप्स ढकलत असेल, तर अठ्ठीची जोडी साधारण ६९ टक्के वेळा जिंकते आणि कॉल बरोबर. तो निवडून ढकलत असेल, तर टक्केवारी साठच्या आसपास येते आणि पत्ते टाकणं बरोबर.

मी पत्ते टाकले. त्याने त्याचे पत्ते न दाखवता ढिगात सरकवले.

मी शेवटी तिसरा आलो. माझ्या कारकिर्दीतलं ते सर्वांत मोठं बक्षीस. पण तेव्हापासून तो डाव मी सॉल्व्हरमध्ये, म्हणजे डावाचं गणित सोडवणाऱ्या संगणक-प्रणालीत, किती वेळा घातला असेल, मोजलेलं नाही. सॉल्व्हर मला प्रत्येक वेळी तोच उलटा प्रश्न विचारतो : समोरचा किती टक्के पत्त्यांवर ढकलतो? मी ४० टाकलं की म्हणतो पत्ते टाक, ७० टाकलं की म्हणतो कॉल कर. म्हणजे उत्तर माझ्या संगणकात नाहीच. ते त्या माणसाच्या डोक्यात होतं, आणि त्या ढिगात गेलेल्या दोन पत्त्यांत.

शेवटच्या पत्त्यावर फुटलेल्या एक्क्यांच्या जोड्या मी विसरलोय. हे मात्र जात नाही. दुर्दैव विसरता येतं, कारण तिथे माझं काही चुकलेलं नसतं. इथे मी चुकलो की नाही, हेच कळायची सोय नाही.

प्रश्न विचारा. जमेल तसं उत्तर देतो.

---

गणितवेडी :

फार आवडलं. पंच्याऐंशी टक्क्यांवरून थोडं गणित करून बघितलं. प्रत्येक स्पर्धेत बक्षीस न मिळण्याची शक्यता ०.८५ धरली, तर सलग दहा स्पर्धा कोरड्या जाण्याची शक्यता जवळजवळ २० टक्के. सलग वीस जाण्याची सुमारे ४ टक्के. ऐकायला कमी वाटतं, पण कोणी हजार स्पर्धा खेळला तर वीस किंवा त्याहून लांब कोरडे पट्टे पाच-सहा वेळा येतील, आणि तीसचासुद्धा एखादा येईल अशीच अपेक्षा धरावी लागेल. यात खेळाडूचं काहीही चुकलेलं नाही.

आणखी एक. ८० टक्के बाजू तुमची असताना पाच वेळा सगळ्या चिप्स लावल्या, तर पाचही वेळा टिकण्याची शक्यता फक्त ३३ टक्के. बाहेरून बघणारा म्हणेल, 'एवढा पुढे होता तरी हरला कसा?'

---

शेवटचा_पत्ता :

@गणितवेडी, अगदी बरोबर. माझा सर्वांत लांब कोरडा पट्टा ३४ स्पर्धांचा. हे गणित तेव्हाही माहीत होतं. पण पंचविसाव्या स्पर्धेतून उठताना डोक्यात गणित नसतं, 'आपला खेळ गेला' एवढंच असतं. त्यात खरी पंचाईत अशी की कधीकधी तो खरोखरच गेलेला असतो. वाईट नशिबाचा पट्टा आणि बिघडलेला खेळ, दोन्ही आतून सारखेच दिसतात. म्हणून मी निकालाची वही ठेवत नाही, डावांची ठेवतो. रोज रात्री पाच डाव लिहितो, ज्यात निर्णय अवघड होता असे. महिन्याने वाचतो. तेव्हा राग उतरलेला असतो आणि चूक दिसते.

---

नुसताच_वाचक :

पैशांचं कसं करता? एवढे कोरडे पट्टे असतील तर माणूस तग कसा धरतो?

---

शेवटचा_पत्ता :

दोन गोष्टी. एक, खेळायचा पैसा आणि जगायचा पैसा पूर्ण वेगळा. खेळायच्या पैशात किमान शंभर-दीडशे स्पर्धांची फी असल्याशिवाय मी त्या पातळीवर खेळत नाही. खूप खेळाडू असतील अशा स्पर्धांना तर त्याहून जास्त लागते, कारण तिथे वर पोचायला वेळ लागतो.

दुसरं, भागीदारी. मोठ्या स्पर्धांत मी माझा अर्धा हिस्सा ओळखीच्या खेळाडूंना विकतो. फीचा अर्धा भार त्यांचा, बक्षिसाचा अर्धा वाटा त्यांचा. मग बातमीत आकडा पूर्ण दिसतो, खिशात येतो अर्धा. हेंडन मॉबसारख्या नोंदींच्या संकेतस्थळांवर खेळाडूच्या नावापुढे जी कमाई दिसते, ती फक्त बक्षिसांची बेरीज असते. भरलेली फी त्यात वजा नसते. तिथे लाखांचे आकडे असलेले आणि प्रत्यक्षात कर्जात असलेले खेळाडू मी जवळून बघितलेत.

---

किलवर_राणी :

मी थोडं वेगळं लिहिणार आहे, राग मानू नका. माझ्या काकांनी जुगारात सगळं घालवलं. पोकर नव्हे, पण पत्तेच. तेही 'यात डोकं लागतं' असंच म्हणायचे. तुमचा लेख प्रामाणिक आहे हे दिसतंय, पण वाचताना मला त्यांचाच आवाज ऐकू येत होता. तुमच्यात आणि त्यांच्यात फरक काय?

---

शेवटचा_पत्ता :

@किलवर_राणी, राग कसला. हा प्रश्न मला घरातूनही आलाय आणि तो येत राहावा असंच मला वाटतं.

नशीब दोन्हीकडे आहे. फरक एवढाच सांगू शकतो की पोकरमध्ये मी जागा चालवणाऱ्याविरुद्ध खेळत नाही, माझ्यासारख्याच इतरांविरुद्ध खेळतो, त्यामुळे बरं खेळणाऱ्याला लांबच्या पल्ल्यात फायदा उरू शकतो. 'उरू शकतो' म्हणतोय. प्रत्येक फीतून आयोजकांचा वाटा आधीच कापला जातो, म्हणून बहुतेक खेळाडू लांबच्या पल्ल्यात तोट्यातच असतात. माझ्याबरोबर सुरुवात केलेल्या अकरा जणांपैकी आज आम्ही दोघे यावर जगतो. बाकीचे माझ्यापेक्षा मूर्ख नव्हते.

तुमच्या काकांबद्दल मी काही बोलणं बरोबर नाही. माझ्यापुरती मी एक खूण ठेवलीय. हरल्यावर फी वाढवावीशी वाटली तर त्या आठवड्यात खेळायचं नाही. असं आजवर चार वेळा झालंय आणि चारही वेळा मी बायकोला सांगितलं. तिच्याकडे जगायच्या पैशाचं खातं आहे, माझी सही त्यावर चालत नाही.

---

किलवर_राणी :

शेवटचं वाक्य वाचून बरं वाटलं. धन्यवाद.

---

पटावरचा_उंट :

मी बुद्धिबळ खेळतो, स्पर्धात्मक. आमच्याकडे डाव हरलो की चूक माझीच, यात शंका नसते. तुमचं वाचून आधी वाटलं की आम्ही सुखी. मग वाटलं, तुम्हाला निदान 'नशीब' म्हणता येतं. बक्षिसाचा हिशेब चिप्सपेक्षा वेगळा कसा, ते जरा समजावाल का? ते नीट कळलं नाही.

---

गणितवेडी :

मी प्रयत्न करते. समजा तिघे उरलेत, बक्षिसं ५०, ३० आणि २०. चिप्स अनुक्रमे ५० टक्के, ३० टक्के, २० टक्के. ज्याच्याकडे अर्ध्या चिप्स आहेत त्याच्या वाट्याला अर्धं बक्षीस यायला हवं असं वाटतं. पण तो जिंकला तरी जास्तीत जास्त ५०च मिळणार, आणि हरला तरी २० कोणी काढून घेत नाही. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या क्रमांकाच्या शक्यता चिप्सच्या प्रमाणात काढल्या तर त्याच्या चिप्सची किंमत साधारण ३८.४ येते. मधल्याची ३२.७, आणि २० टक्के चिप्सवाल्याची चक्क २८.९.

म्हणजे जिंकलेली चिप हरलेल्या चिपपेक्षा नेहमी स्वस्त. म्हणून बरोबरीच्या संधीवर सगळं लावणं स्पर्धेत तोट्याचं. या पद्धतीला आयसीएम म्हणतात.

---

पटावरचा_उंट :

आता कळलं. आणि म्हणूनच तो पहिला खेळाडू तुमच्यावर ढकलू शकला. त्याला माहीत होतं की तुम्हाला कॉल महाग आहे.

---

शेवटचा_पत्ता :

हो! आणि मला माहीत होतं की त्याला हे माहीत आहे. म्हणून तो जास्त पत्त्यांवर ढकलत असणार, म्हणून मी कॉल करायला हवा. पण मी असा विचार करीन हेही त्याला माहीत असेल, तर तो कमी पत्त्यांवर ढकलेल. हे माझ्या डोक्यात तेव्हा साधारण चाळीस सेकंद फिरत होतं.

---

जुनी_जोडी :

मी सात वर्षं खेळून चार वर्षांपूर्वी सोडलं. लेखातलं 'आतून सारखेच दिसतात' हे वाक्य वाचून थांबलो. मी नेमका त्यावरच सोडलं. हरणं सहन होत होतं, पण मी चांगला आहे की नाही हे कळायला आणखी पाच वर्षं खेळावं लागेल, हे सहन होईना. आता गोदामाच्या हिशेबाचं काम करतो. संध्याकाळी आकडा जुळतो की नाही ते कळतं.

अवांतर : एका चिपच्या नियमावरून जॅक स्ट्रॉस आठवला. १९८२ ची वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर. असं सांगतात की सगळ्या चिप्स हरून उठताना त्याला टेबलावर एक चिप राहिलेली सापडली. त्याने तोंडाने 'ऑल-इन' म्हटलं नव्हतं, म्हणून ती चिप त्याची राहिली, आणि तिथून तो स्पर्धा जिंकला. तुम्ही न बोलून हरलात, तो न बोलल्यामुळे वाचला.

---

शेवटचा_पत्ता :

@जुनी_जोडी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. सोडण्याचं याहून खरं कारण मी ऐकलेलं नाही.

स्ट्रॉसची गोष्ट मलाही आवडते, पण नवीन मुलांना ती सांगताना मी जपतो. तसंच ख्रिस मनीमेकरचं. २००३ मध्ये हा हिशेबनीस ऑनलाइन पात्रता फेरीतून वर्ल्ड सिरीजच्या मुख्य स्पर्धेत आला आणि ८३९ खेळाडूंमध्ये पहिला येऊन २५ लाख डॉलर जिंकला. पुढच्याच वर्षी त्या स्पर्धेत २,५७६ खेळाडू होते, २००६ मध्ये ८,७७३ आणि २०२३ मध्ये १०,०४३. फी मात्र १९७२ पासून दहा हजार डॉलरच. या गर्दीतला जवळजवळ प्रत्येक जण एकाच माणसाची गोष्ट ऐकून आलेला असतो. बाकीचे ८३८ कोण होते, कुणालाच माहीत नाही. मी त्यांच्यातला आहे असं धरूनच खेळतो.

---

नुसताच_वाचक :

बबल, बबल म्हणतात तो काय प्रकार? तिथे खूप ताण असतो असं ऐकलंय.

---

शेवटचा_पत्ता :

बक्षिसाच्या रेषेआधीचा शेवटचा टप्पा. समजा नव्वद जणांना बक्षीस आहे आणि एक्क्याण्णव उरलेत. तेव्हा सगळ्या टेबलांवर एकेकच डाव खेळवतात आणि बाकीची टेबलं संपेपर्यंत थांबवतात, म्हणजे कोणी मुद्दाम रेंगाळून दुसऱ्याच्या बाद होण्याची वाट बघू नये. एरवी चिप्सचा खळखळाट चालू असतो, तेव्हा सगळा हॉल गप्प होतो. लोक खुर्च्यांवरून उठून दुसऱ्या टेबलांकडे बघत राहतात. मग कुठून तरी टाळ्या वाजतात आणि एक माणूस पाठीला बॅग लावून निघतो. त्या टाळ्या मला आवडत नाहीत. मी दोनदा तो माणूस होतो.

---

इस्पिक_सत्ती :

दादा, मी एकवीस वर्षांचा आहे, सॉल्व्हरवर रोज अभ्यास करतो. एकच विचारायचंय. तो अठ्ठीवाला डाव, त्या खेळाडूला नंतर कधी विचारलं नाहीत का? स्पर्धांत परत भेट झालीच असेल.

---

शेवटचा_पत्ता :

झाली. गेल्या वर्षी, दुसऱ्याच एका स्पर्धेत, खेळाडू कमी झाल्यावर आमचं टेबल बंद केलं तेव्हा सोडतीत माझी जागा त्याच्या शेजारी आली. तीन तास शेजारी बसलो होतो. चांगला बोलका माणूस आहे. मधल्या सुट्टीत चहाचा कप हातात घेऊन मी विचारलं. पाच जण उरले होते, तू स्मॉल ब्लाइंडवरून ढकललंस, मी बराच वेळ घेऊन पत्ते टाकले, तुझ्याकडे काय होतं?

त्याने खरंच आठवायचा प्रयत्न केला. कपाळाला आठ्या घालून. कुठली स्पर्धा, कोण कोण होतं, सगळं विचारलं. अंतिम टेबल आठवलं, तो दुसरा आला होता तेही आठवलं. मग म्हणाला, "तू तिथे होतास?"